मातीची जात ओळखणारा पाय

"तुमचा विश्वास बसणार नाही, पण माझा तळपाय मातीची जात ओळखतो," पट्टी बदलायला बसलेल्या मंडळींना मी सांगितलं. "चाळीस वर्षं मडक्यांची माती तुडवलीय. डोळे झाकून सांगतो, ओढ्याची की तळ्याची. एकदा तर चिखलात पडलेली हिची सुई अंगठ्यानं शोधली आणि अंगठ्यानंच ओवून दिली."

सगळे हसले, माझी बायको सोडून. "आणि काच घुसली तेव्हा कुठं गेला होता तो अंगठा?" ती म्हणाली. "दोन दिवस तसेच तुडवत होता. चिखलातलं रक्त मला दिसलं, तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

साखरेमुळं पाय बधिर झालाय, असं डॉक्टरांचं म्हणणं. ती जखम भरायला पाच महिने लागले. दर आठवड्याला मेलेली कातडी काढून घेतली, प्लास्टरच्या बुटात पाय कोंडून घरी बसलो, चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायलो. आज तळवा छान भरून आला होता आणि मला उद्याच चिखलात उतरायचं होतं.

शिंत्रे सिस्टरांनी तपासणीच्या नायलॉन दोऱ्याचं पाकीट घेतलं. "डोळे मिटा, आबा. दोरा टेकला की 'हो' म्हणायचं. कळलं नाही, तर अनवाणी तुडवणं कायमचं बंद."

मी डोळे मिटले. "हो," मी ठणकावून म्हणालो. "आता अंगठ्याखाली, हो. टाचेजवळ, हो. अहो, गुदगुल्या होतात!" बाकावरून कुणीतरी 'वा!' म्हटलं.

"आबा," सिस्टर म्हणाल्या, "दोरा अजून पाकिटातच आहे."