मुठीचा पेन

"मुठीचा पाठव. बाकीचे राहू दे," आनंदराव फोनवर म्हणाले.

सोमनाथनं लेथ थांबवलं. आनंदरावांच्या पुण्यातल्या दुकानात त्याचे हातघडणीचे पेन विकायला असत. शिसवाचा बारीक, शिंगाच्या टोपीचा, काळ्या एबोनाईट रबराचा आणि हा मुठीचा. त्याचा स्वतःचा जीव एबोनाईटवर. टोपी लावली की जोड कुठं आहे ते दिसायचं नाही. तो काचेआड धूळ खात होता. शिंगाचा लोक हातात घेत, हुंगून बघत, परत ठेवत.

"मुठीचा मात्र एकदा धरला की गिऱ्हाईक खालीच ठेवत नाही रे. पैलवान असो, कॉलेजातली पोरगी असो, सगळ्यांच्या हातात बसतो. आणि गंमत म्हणजे सगळे एकसारखाच धरतात. पहिलं बोट वर! रागावलेल्या मास्तरासारखं." आनंदराव हसले. "जितके होतील तितके दे. भोरातली ती पत्र्याची खोली सोड आता, चांगला गाळा घे."

सोमनाथनं फोन ठेवला. इतकी वर्षं याच फोनची वाट पाहिली होती.

उंबऱ्यापाशी बाळाबाई बसून होती. वेल्ह्याकडच्या डोंगरातून, दोन एसट्या बदलून आलेली. पदरात काहीतरी घट्ट धरलेलं.

पेन कसा धरायचा, हे मोठ्या माणसाला कुणी सांगत नाही.

अंगठा.

पहिलं बोट.

मधलं.

"हे घ्या तुमचं परत," बाळाबाईनं पदर सोडला. आत पेन होता. बाभळीचा. सगळ्यांत पहिला, मुठीचा.

"का? ज्ञानूला आवडला न्हाई?"

"लई आवडला. तीच तर पंचाईत हाय."

ज्ञानू तिचा मुलगा, कचेरीत कारकून. नवरा गेल्यावर त्याच्या विळ्याची मूठ घेऊन ती सोमनाथकडे आली होती. याचा पेन करून द्या, म्हणाली होती, पोरगं बापाचा हात धरून सही करील. मूठ जन्मभर भात कापून झिजलेली. अंगठ्याचा खळगा, मधल्या बोटाचा खळगा आणि दोन्हींच्या मधे न झिजलेला एक उंचवटा. सोमनाथ त्या उंचवट्यावर भाळला. त्यानं पेन करायच्या आधी मुठीचा साचा घेऊन ठेवला. मग शिसवात, मग सागात, कानशीनं घासून तसाच. अगदी तसाच. बाळाबाईला विचारायचं त्याला सुचलंही नाही.

"ज्ञानूचं हे बोट खाली येत न्हाई." बाळाबाईनं आपलं पहिलं बोट उचलून दाखवलं. "डाक्टर म्हनतो शीर बरी हाय, हाड बरं हाय. पेन सोडला तरी वरच. जेवताना वर. निजला तरी वर. परवा म्या दाबून धरलं. सोडलं, आन् हळूच..."



"सवय लागली असंल, मावशी."

"व्हय की. मालकांची बी सवयच हुती. त्यांचं हे बोट न्हानपनीच कडबाकुट्टीत गेलं. मुळापासनं."

सोमनाथनं उंचवट्यावरून अंगठा फिरवला. तिथं लाकूड झिजलं नव्हतं. तिथं कधी काही टेकलंच नव्हतं.

"असलं किती केलंत?"

"हा एकच."

बाळाबाईनं त्याच्या पाठीमागच्या फळीकडं पाहिलं. मुठीचे पेन ओळीनं उभे होते.

"मग ही पंगत कुनाची? मालकांना चार मानसांत बसायला सांगितलं तरी उठून जायचं. आन् तुमी त्यांना गावभर हातोहात दिलंत व्हय?" ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "येते. तुमचं हातावरचं पोट. बोटं जपा."

ती गेली. सोमनाथनं साचा भुशात फेकला. फोन उचलला. आनंदरावांना सांगायचं: मुठीचा बंद. सांगायचं, आणि मग? मग पुन्हा काचेआडची धूळ. पत्र्याची खोली. फोन हातात तसाच राहिला.

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

तो स्वयंपाकघरात गेला. त्याची बायको सोनिया परातीपुढं बसली होती, तांदळाच्या पिठानं मनगटापर्यंत पांढरी.

"तू पेन लिहून बघतेस ना?"

"बघते म्हणजे? शाई मी भरायची, निब मी चालती करायची. तुमी कधी एक ओळ तरी लिहिलीत का?"

"मुठीचे किती?"

"सगळेच. हातात घेतला की सोडवत न्हाई मेला. कालपासून तर..." तिनं भाकरी गरकन फिरवली. "असू दे."

थापलेल्या भाकरीवर तिची बोटं उमटली होती. पुन्हापुन्हा, गोलाकार. करंगळी, अनामिका, मधलं. त्यापुढं दर वेळी एका बोटाची जागा कोरी.

"काय बघताय? इतकी गोल भाकरी मला जन्मात जमली नव्हती. हात आपोआप चालतोय बघा."

सोमनाथ खाली बसला. त्या कोऱ्या जागेवर पहिलं बोट टेकवायला त्यानं हात पुढं केला. भाकरी मऊ होती. गार होती.

अंगठा.

 

मधलं.