मधली चित्रं

चहा कपातून बशीत आणि बशीतून टेबलावर आला, तेव्हा कुठे रामचंद्रने किटली सरळ केली. त्याला धार दिसली होती, पण थिजलेली, आणि कप अर्धाच. मग एकदम सगळं टेबल चहाने भरलेलं. हात सटकला, तो अल्पेशशेठना म्हणाला.

उरणला शेठचे बारा ट्रेलर होते आणि त्यातला एक अठरा वर्षं रामचंद्रच्या हातात होता. तीन महिन्यांपूर्वी तो कंटेनरवरून पडला, डोक्याची मागची बाजू आपटली. आज शेठ स्वतः चावी घेऊन घरी आले होते आणि रामचंद्रला ती कशीही करून हवी होती. ट्रेलरवर नसलेला रामचंद्र म्हणजे कोण, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

पनवेलच्या डॉक्टरने नीट समजावलं होतं. डोळे ठणठणीत आहेत. पण सिनेमातली चित्रंही स्थिरच असतात, ती भरभर दाखवली की मेंदू जोडून घेतो, म्हणून माणसं चालताना दिसतात. त्याच्या मेंदूतलं ते जोडायचं कामच बंद पडलं होतं. औषध नाही, ऑपरेशन नाही, आणि गाडीला हात लावायचा नाही. घरी येऊन रामचंद्रने बायकोला, क्रांतीला, डोळ्यांचं तेवढं सांगितलं. बाकीचं गिळलं.

तेव्हापासून त्याचं सोंग चालू होतं. रस्ता तो कानाने ओलांडायचा. गाडी लांब असायची आणि मग अंगावर; मधली कुठे गेली, देव जाणे. बरं वाटायचं ते फक्त संध्याकाळी, लेक प्राप्ती मोबाइलवर गाड्यांची शर्यत खेळायची तेव्हा. जुना मोबाइल अटकायचा, गाड्या उड्या मारत पुढे जायच्या. बघ ना पप्पा, ती वैतागायची, आणि तो मान डोलवायचा. जगात तेवढ्या एका गोष्टीत बापलेकीला सारखं दिसत होतं.

शेठनी खिडकीतून लांब उभ्या असलेल्या ट्रेलरचा नंबर वाचायला सांगितला. रामचंद्रने नंबर वाचला, वर काचेवरचं देवीचं नावही वाचलं. शेठ खूश झाले. चावी टेबलावर आली. उद्या सकाळी सातला हजर राहा, ते म्हणाले. रामचंद्रला रडू यायचं बाकी होतं.

प्राप्ती दारात होती. मग त्याच्या मांडीपाशी, मोबाइल पुढे करून.

“पप्पा, बघ ना!”

गाडी वळणावर होती. मग पुलावर. मग डोंगरापाशी. आनंदाच्या भरात तो सवयीने बोलून गेला, “हो गं. फारच अटकतोय.”

“नाय पप्पा. शेजारच्या निकेतदादाने दुरुस्त केलाय. सेकंदाला साठ चित्रं येतात आता. कुठंच अटकत नाय.”

मस्करी केली, असं म्हणून तो हसला. दुसरं कोणीच हसलं नाही, समोर बसलेले शेठही नाही. इतका वेळ ओट्यापाशी असलेली क्रांती मोबाइलवर वाकलेली दिसली. मग सांडलेल्या चहाकडे बघणारी क्रांती. मग अगदी त्याच्यासमोर.

“कवापासून?” तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली. चावी टेबलावर होती. मग तिथे नुसता चहा होता.