खबर देणाऱ्याचा अंगठा

पूर्वज शोधत येणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे. जिवंत बापाला पाणी विचारत नाहीत, आणि पणजोबांसाठी माझ्या मृत्युनोंदणीच्या टेबलापुढे रांगा लावतात.

आजचा शहाणा तर घराण्याच्या निधनवार्तांची कात्रणं घेऊनच आला. सगळे दानशूर, सगळी देवमाणसं. मेल्या म्हशीला मणभर दूध! चार पिढ्यांच्या नोंदी त्याने काढायला लावल्या.

“साहेब, खबर देणाऱ्याचा अंगठा चारही नोंदींत एकच आहे. हा बघा, मधोमध तिरपा काप.”

“म्हणजे शंभर वर्षं एकच माणूस येतोय? अहो, सगळे अंगठे सारखेच दिसतात.”

ते दाखवून त्याला वाटेला लावावं म्हणून मी चालू वही उघडली. आम्ही खबर देणाऱ्याचा अंगठा आधी घेतो, मयताचं नाव मागाहून भरतो. रडणाऱ्यांना किती वेळ बसवणार?

आज सकाळपासून कुणीच खबर घेऊन आलं नव्हतं. तरी आजच्या कोऱ्या नोंदीपुढे अंगठा उमटलेला होता. मधोमध तिरपा काप. शाई ओली.

“तुमच्या घरात आता कोण कोण असतं?” मी विचारलं.

“मी एकटाच,” कात्रणं गोळा करत तो म्हणाला. “का हो?”