सोमवारचा बॅकअप

"लॉग कुणी बंद केला?" मुहसिन साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"मी," वजदी म्हणाला. पालिकेच्या संगणक कक्षात सगळे उभेच होते.

सोमवारी त्यानं अबू शूशा वस्तीतल्या पाडायच्या सहाशे चाळीस घरांची यादी भरली होती, फोटो आणि नकाशांसकट. लॉग चालू ठेवला की प्रत्येक बदलाची नोंद होते आणि काम रेंगाळतं. म्हणून तो बंद ठेवला. बुधवारी डिस्क गेली. रविवारचा बॅकअप आणि नंतरचा लॉग जोडून जन्मनोंदी आल्या, परवाने आले. यादी आली नाही. लॉगमध्ये ती कधी लिहिलीच नव्हती.

"लॉग बंद केला तर त्याच दिवशी नवा बॅकअप. भिंतीवर लावलंय ना?"

"माझ्याच अक्षरात आहे, साहेब." कक्षप्रमुख नाहेद पुढे आली. "वजदीच्या मुलीला दम्याचा झटका आला होता. मी त्याला घरी पाठवलं. बॅकअप मी काढते म्हटलं. विसरले."

वजदीनं चमकून पाहिलं. हे खरं होतं. नोकरी जायची वेळ आली तरी सकाळपासून त्यानं ते तोंडातून काढलं नव्हतं.

"बावीस वर्षांत तुम्ही छत्रीसुद्धा विसरला नाहीत!" साहेब ओरडले. "मोजणीवाल्यांचे टॅब?"

"पुढच्या वस्तीसाठी रिकामे केले."

"कागद?"

"कागद बंद करायच्या परिपत्रकावर सही तुमचीच आहे."

मागे कुणीतरी खोकलं.

"घरांवर लाल आकडे रंगवलेत ना? शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली की रविवारी माणसं पाठवून उतरवून घ्या. नाहीतर पुन्हा मोजणी, म्हणजे दीड वर्ष गेलं. आणि बाई, तुम्ही आजपासून घरी बसा. वजदी, तू वाचलास."

तिच्या सामानाचं खोकं वजदीनंच गाडीत ठेवलं.

"उस्ताज़ा," गाडी चालवताना वजदी नेहमीच्या आदरानं म्हणाला, "गप्प बसायचं होतं तुम्ही. मी बघून घेतलं असतं."

"तीन मुलींचा बाप काय बघून घेणार? समोर बघ, गाढवा."

"तुमच्या नखांत पांढरं काय अडकलंय?"

"चुना. घर रंगवलं."

अकरा वर्षं एकत्र काम करून तो तिच्या घरी कधी गेला नव्हता. पुलाखालून डावीकडे वळल्यावर मात्र गल्ली ओळखीची वाटली. कोपऱ्यावरची भट्टी, वाकडा खांब. हे फोटो सोमवारी त्यानंच भरले होते.

फोटोत प्रत्येक दारावर लाल आकडा होता. आता गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीशुभ्र होती.

नाहेद चहा टाकायला आत गेली. दारात खुर्ची टाकून तिचे वडील बसले होते. वजदीनं भिंतीवर बोट फिरवलं. खडखडीत कोरडी.

"काका, चुना कधी लावलात?"

"मंगळवारी, सगळ्या वस्तीनं मिळून," म्हातारा कौतुकानं म्हणाला. "नाहेदनं बजावलं होतं, बुधवारच्या आत वाळायला हवा."