हॉलमधली गादी

गादी दारात अडकली आणि सासूबाईंना काय ते समजलं. मुलगा ती बेडरूममधून बाहेर ढकलत होता. त्यांनी हॉलमधून परत आत रेटली.

"भांडलात?"

"नाही गं."

"मग ही वरात निघाली कुठे?"

"हॉलमध्ये. बाळ होईपर्यंत."

सासूबाई मटकन बसल्या. सून चार महिन्यांची गरोदर, आणि चिरंजीव अंथरूण घेऊन बाहेर. आज हॉल, उद्या गॅलरी, परवा वकील!

चिरंजीव डास मारण्याच्या खात्यात सुपरवायझर होते. नुकतेच समुद्राकाठच्या एका शहरातून साथीचं काम उरकून आले होते. हवापालट म्हणून वडीलही सोबत गेले होते. मुलाने धूर मारला, वडिलांनी समुद्र पाहिला, आणि डासांनी दोघांना सारखंच वागवलं. दोघे अंगभर गांधी घेऊन परतले. मुलाला ताप आला. वडील ठणठणीत.

सासूबाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. पंखा बंद केला, चालू केला. शेवटी सुनेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तू सांग. काय केलंय यानं?"

"काही नाही, आई. डास चावलाय."

"डास ह्यांनाही चावले! आम्ही नाही केली अंथरुणं वेगळी!"

पेपरामागे सासरे खाकरले.

सून शाळेत विज्ञान शिकवायची. तिने वर्गात सांगावं तसं सांगून टाकलं. मुलाचा ताप झिकाचा होता. तो डासामुळे होतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याचा विषाणू पुरुषाच्या अंगात पुढे कितीतरी आठवडे दडून राहतो, आणि मध्ये डास नसला तरी नवऱ्याकडून बायकोकडे जातो. पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा धोका.

"काळजी घेतली तर चालतं, असं डॉक्टर म्हणाले. हाच म्हणतो, नकोच."

चिरंजीव गादीआड तोंड लपवून उभे होते.

"ताप आलाच नसेल, तर नसतो ना तो?" पेपरामागून आवाज आला.

"असू शकतो, बाबा. पुष्कळांना ताप येतच नाही."

पेपर आणखी वर सरकला. पान काही उलटलं नाही.

"आणि वयाला काही सवलत?"

"त्याबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत."

सासऱ्यांनी पेपराची व्यवस्थित घडी केली. कुणाकडेही न बघता ते आपल्या खोलीत गेले. आत थोडी खुडबुड झाली. मग त्यांचीही गादी दारापर्यंत आली आणि अडकली.

चिरंजीवांना खोकल्याची उबळ आली. सून मदतीला धावली.

"तू वजन उचलू नकोस," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. त्यांचे कान लालबुंद झाले होते. "ही मी ओढते."