नको असल्यास

“काका, मेसेजच्या शेवटी ही ओळ घालायचीच,” म्हणत पुतणीने मोबाइल पुढे सरकवला. ‘मेसेज नको असल्यास फक्त “नको” असे उत्तर पाठवा.’

काकांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

“ज्याला नको असेल त्याने दुकानात येऊन सांगावं. चहा पाजू.”

“एवढ्यासाठी कोण येणार? लोक वैतागलेत, काका. परवा एक बाई म्हणाली, इतक्या सूचना माझी सासूसुद्धा देत नाही.”

बाईचं काही चुकलं नव्हतं. नळ, शॉवर, गीझर विकणाऱ्या त्या दुकानाचा सगळा कारभार पुतणी बघायची, पण मेसेज काका स्वतः लिहीत. गार वारं सुटलं की, ‘थंडी वाढली आहे. ओल्या केसांनी बाहेर पडू नये. गीझरवर सूट.’ हे वाचून एका टकल्या प्लंबरने कपाळाला हात लावला होता. मध्येच कधी, ‘जेवण वेळेवर करावे. किचनच्या नळांवर सूट.’ आणि वर्षातून एकदा, ना सण ना काही, ‘आजच्या शुभदिनी अनेक आशीर्वाद. सर्व मालावर सूट.’ गिऱ्हाइकं आशीर्वाद घेत आणि माल उचलून नेत.

त्या दिवशी काकांच्या मुलीचा वाढदिवस असतो, हे पुतणीला ठाऊक होतं. दुकानात बसायचं सोडून मुलगी परगावी नोकरीला गेली. जाताना बापलेकीचं असं काही वाजलं, की तेव्हापासून बोलणं बंद. पहिला फोन कुणी करायचा, यावर दोघंही हटून बसलेली. मुलीचा नंबर मात्र काकांनी गुपचूप गिऱ्हाइकांत घुसवला होता. अख्ख्या गावाला मेसेज जायचा तो त्या एका नंबरसाठी.

“आणि तिनेच ‘नको’ म्हटलं तर?” काका शेवटी बोलून गेले.

पुतणीला गलबलून आलं. पण लोकांचा वैतागही खराच होता. “ती नाही तसं म्हणायची,” असं म्हणत तिने ओळ घातली आणि मेसेज सोडला.

दुपारपासून ‘नको’ यायला लागले. काका मजेत होते. टकल्या प्लंबरचा ‘नको’ आला तेव्हा तर ते खो खो हसले. मग पुतणीने पुढचा ‘नको’ उघडला. तिने मोबाइल पालथा ठेवला, पण काकांनी तो उचललाच. लेकीचा नंबर होता. खाली एकच शब्द.

“चुकून दाबलं गेलं असेल. घाल तिला परत आत.”

“तसं नाही करता येत, काका. नको म्हणजे नको.”

काका मागच्या गोदामात गेले आणि कमोडच्या खोक्यावर बसले. आता ना गीझर राहिला, ना नळ. लेकीची काळजी करायची तरी कशाच्या आडून? त्यांना रडू आलं. पुतणी दारातून बघत होती, तर त्यांनी तिलाच दटावलं, “इथे धूळ किती साचलीय, बघ जरा!” मग नाक पुसून त्यांनी नंबर लावला. रिंग पुरती वाजलीही नाही.

“बाबा?”

“नको का म्हणालीस गं?” काकांनी विचारलं.

“नळांच्या जाहिराती वाचून वाचून जीव विटला, बाबा. मला तुमचा आवाज ऐकायचा होता.” पलीकडून हुंदका आला आणि त्याच्या पाठोपाठ हसू. “नको म्हटल्यावर तुम्ही फोन करता, हे ठाऊक असतं तर कधीच म्हटलं असतं. पण तशी सोयच कुठे ठेवली होतीत तुम्ही?”