चार हजार हर्ट्झ

कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटमध्ये एक जुनं साउंड कार्ड. टेबलावर चार स्क्रू, एक हेडफोन, एक वही. कार्डाबरोबर माहितीपुस्तिका नव्हती आणि त्याच्यावरची छपाई पुसून गेली होती. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून अक्षयाने मशीनवर लिनक्स चढवलं होतं. त्याला हे कार्ड सापडायचं तर तीन आकडे अचूक सांगावे लागणार होते. पहिल्याच्या दोन शक्यता, दुसऱ्याच्या चार, तिसऱ्याच्या दोन. तिने वहीच्या शेवटच्या पानावर एक ते सोळा असे क्रमांक घातले.

वहीच्या पुढच्या पानांवर तिच्या पप्पांचे आकडे होते. सुभेदार कृष्णात यांचं गेल्या तीन महिन्यांचं वजन, रक्तदाब, साखर. उद्या सोमवारी त्यांचं मेडिकल होतं. पास झाले तर नोकरी दोन वर्षांनी वाढणार होती. नाही तर मार्चअखेर दिल्ली कँटमधलं क्वार्टर सोडायचं. गाझियाबादच्या फ्लॅटचे अजून नुसते खांब उभे होते आणि अक्षयाच्या एम.एस्सी.चं एक वर्ष बाकी होतं.

हेडफोनची वायर आखूड होती. कॅबिनेटच्या मागे लावली की ती कीबोर्डपर्यंत पोचत नव्हती. म्हणून ऐकायचं काम कृष्णातांनी घेतलं. ते कॅबिनेटशेजारी स्टुलावर ताठ बसले आणि त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. अक्षयाची आई द्वारका स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझी हाक सोडून बाकी सगळं ऐकतील."

मशीनच्या पंख्याची घरघर मोठी होती. तिच्यातून वेगळा ओळखू यावा म्हणून अक्षयाने सूर मुद्दाम उंच निवडला: चार हजार हर्ट्झ. तीन आकड्यांची पहिली जुळणी टाकून तिने एन्टर दाबलं. पडद्यावर चूक उमटली.

"नाही. ओव्हर," कृष्णात म्हणाले. तोफखान्यात सव्वीस वर्षं वायरलेसवर बोलून त्यांची ती सवय झाली होती.

दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. सहाव्या जुळणीला लिनक्सने कसलीच चूक दाखवली नाही. अक्षयाने वर पाहिलं.

"नाही. ओव्हर."

मशीनपेक्षा पप्पांवर तिचा भरवसा जास्त होता. तिने सहाच्या पुढेही फुली मारली.

सोळा फुल्या झाल्या. कृष्णातांचं मत पडलं की कार्डच खराब आहे, नेहरू प्लेसच्या दुकानदाराला परत करावं. अक्षया म्हणाली, आणखी एकदा, पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत ती सहाव्या जुळणीवर आली तेव्हा बेल वाजली. इस्त्रीवाला उद्याचा युनिफॉर्म घेऊन आला होता. कृष्णातांनी हेडफोन काढून स्टुलावर ठेवला आणि ते दाराकडे गेले. तोवर अक्षयाने एन्टर दाबलं होतं.

स्टुलावरून बारीक, सरळ शिट्टी आली.

ती उठली. हेडफोन कानाला लावून, मशीनपाशी वाकून, हात लांब करून तिने एन्टर दाबलं आणि सूर परत वाजवला. दोन्ही बाजूंनी स्वच्छ येत होता.

कृष्णात हँगरवरचा युनिफॉर्म घेऊन आत आले. "सोड ते आता," ते म्हणाले. "खराबच आहे."

"कार्ड चालू आहे, पप्पा. मघापासून चालू आहे."

ते दारामागच्या खिळ्याला हँगर अडकवत होते. तो अडकला, तरी ते बराच वेळ युनिफॉर्मच्या बाह्या सरळ करत राहिले. मग येऊन स्टुलावर बसले.

"लाव परत."

ऐकू आलं की हात वर करा, असं तिने सांगितलं आणि खालून सुरुवात केली. एक हजार हर्ट्झला हात लगेच वर गेला, आणि कृष्णात हसले. दोन हजारलाही गेला. तीन हजारला गेला. चार हजारला गेला. सहा हजारला गेला. द्वारका पिठाचे हात घेऊन दारात उभी होती. "बघ, येतं की सगळं," ती म्हणाली आणि पोळ्यांकडे परत गेली.

अक्षयाने पाच खुणा केल्या. सहाव्या सुराच्या वेळी तिच्या लक्षात आलं की पप्पा तिच्या करंगळीकडे बघतायत, एन्टरवरच्या.

तिने आवाज पूर्ण शून्यावर आणला आणि एन्टर दाबलं.

हात वर गेला.

कृष्णातांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या शून्याकडे. हात सावकाश खाली घेतला. स्वयंपाकघरात तव्यावर पोळी भाजल्याचा वास येत होता.

"मेडिकलला कान तपासताना पाठ करून उभं करतात," ते म्हणाले.

स्टूल उचलून त्यांनी स्वतःच फिरवलं आणि वायर जेमतेम पुरेल इतक्या अंतरावर, खिडकीकडे तोंड करून बसले. बाहेर क्वार्टरांमधल्या मैदानावर रविवारचं क्रिकेट चालू होतं. त्यांनी हेडफोन पुन्हा दोन्ही हातांनी दाबला.

"रेडी. ओव्हर."

बटणाचा खटका ऐकू जाऊ नये म्हणून अक्षयाने एन्टर एकदाच दाबलं. पुढचे दहा सूर मशीन आपोआप वाजवणार होतं, मधलं अंतर कमीजास्त ठेवून. प्रत्येक सुराला पडद्यावर एक ठिपका उमटत होता. ती एकदा ठिपक्यांकडे आणि एकदा पप्पांच्या पाठीकडे बघत राहिली.

मग तिने वही उलटी करून पप्पांच्या आकड्यांचं पान काढलं आणि साखरेच्या आकड्याखाली तारीख घालून लिहिलं:

चार हजार हर्ट्झ. दहा वेळा. हात दोनदा वर, दोन्ही वेळा सूर वाजत नसताना.